अर्धा अँटेना जमिनीखाली!

व्हायव्हामध्ये "अर्थिंग कशासाठी?" असं विचारलं की आपण सगळे एका सुरात सांगतो, "सेफ्टीसाठी, सर!" मग खड्डा, मीठ, कोळसा, प्लेट... मार्क पक्के. पण मित्रांनो, एएम रेडिओच्या टॉवरखाली जे ग्राउंड असतं, त्याला हे उत्तर पुरत नाही. तिथे ग्राउंड म्हणजे अँटेनाचाच अर्धा भाग. आणि तो खराब झाला तरी ट्रान्समीटरचे मीटर मात्र 'सब ठीक' सांगत राहतात!

आधी बेसिक. एएमचा टॉवर म्हणजे अँटेना टांगायचा खांब नव्हे, तो लोखंडी सांगाडाच अँटेना असतो. म्हणून बहुतेक टॉवर पायथ्याशी पोर्सिलेनच्या इन्सुलेटरवर उभे असतात आणि तिथेच त्यांना फीड देतात. आता सर्किट म्हटलं की करंटला परतीची वाट हवी. टॉवरच्या फील्डच्या रेषा आजूबाजूच्या जमिनीवर उतरतात आणि तिथून करंट पायथ्याकडे परत येतो. माती कितीही ओली असली तरी तांब्यापुढे ती अब्जावधी पटींनी वाईट कंडक्टर. म्हणून पायथ्यापासून सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या तांब्याच्या तारा चहूबाजूंना पुरतात. ह्या तारांना रेडियल म्हणतात.

तारा किती हव्यात? अमेरिकेत आरसीए कंपनीच्या ब्राउन, लुईस आणि एपस्टाइन ह्या इंजिनिअर्सनी तारांची संख्या आणि लांबी बदलून मोजमापं घेतली आणि १९३७ मध्ये ती प्रसिद्ध केली. पुढे तिकडे दर तीन अंशांना एक, म्हणजे १२० तारा, प्रत्येक पाव वेव्हलेंग्थ लांब, असा पायंडा पडला.

हा आकडा आपल्या भाषेत आणू. पुणे आकाशवाणी म्हटलं की जुन्या श्रोत्यांना ७९२ किलोहर्ट्झ आठवतं. हिशोबाला हीच फ्रिक्वेन्सी घेऊ. वेव्हलेंग्थ सुमारे ३७९ मीटर, पाव म्हणजे ९५ मीटर. अशा १२० तारा म्हणजे ११ किलोमीटरच्या वर तांबं! अडीच मिलिमीटरच्या आसपास जाडीची तार धरली तर वजन पाचशे किलोच्या पुढे, आणि जागा जवळजवळ सात एकर. तांब्याचा भाव बघा, म्हणजे अशा जागी चोर का येतात ते कळेल.

आता खरी गंमत. पाव वेव्हलेंग्थच्या टॉवरचा रेडिएशन रेझिस्टन्स साधारण ३६ ओहम. ग्राउंड चांगलं असेल तर लॉस समजा २ ओहम. म्हणजे ३८ पैकी ३६ कामाचे, एफिशियन्सी ९५ टक्के. तारा गंजल्या, नांगरात तुटल्या, चोरीला गेल्या आणि लॉस २० ओहम झाला, तर ५६ पैकी ३६, म्हणजे ६४ टक्के. ट्रान्समीटर १० किलोवॉट देतोच आहे, पण त्यातले साडेतीन किलोवॉट गांडुळांना शेक देतायत! मध्येच कुठेतरी लॉस १४ ओहम असेल तर बेरीज बरोबर ५० होते. म्हणजे ५० ओहमच्या केबलला मॅच एकदम परफेक्ट! एसडब्ल्यूआर बघून खूष होणाऱ्याला कळतच नाही की अँटेना आजारी आहे. कळतं कोणाला? लांबच्या गावातल्या श्रोत्याला. त्याचं स्टेशन खरखरीत बुडतं आणि तो बिचारा सेल बदलत बसतो.

म्हणून काम सुरू करण्याआधी मोजमाप. पायथ्याचा इम्पीडन्स, बेस करंट आणि ठरलेल्या जागांवरची फील्ड स्ट्रेंग्थ लिहून ठेवायची. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात आकडे फार बदलत असतील तर समजावं, तारांचं काम माती करतेय. मग ट्रान्समीटर बंद करून, टॉवर ग्राउंडला शॉर्ट करूनच हात लावायचा, कारण आरएफचा चटका साधा शॉक नसतो, भाजतो.

नव्या तारा ट्रॅक्टरमागे खास फाळ लावून १५–२० सेंटिमीटर खोल टाकतात. फार खोल नकोत, करंट वरच्या थरातच हवा. पण उथळ टाकल्या तर पुढच्या नांगरटीत जातील. पायथ्याभोवती तांब्याची रुंद पट्टी असते, सगळ्या तारा तिला जोडायच्या. इथे आपलं लॅबमधलं सोल्डर चालत नाही, ते मातीत खराब होतं. चांदी असलेला रॉड वापरून ब्रेझिंग करतात. सगळा करंट पायथ्याशी एकवटतो, त्यामुळे इथला एक कच्चा जॉइंट टोकाच्या तुटक्या तारेपेक्षा महाग पडतो.

केबलचंही तसंच. कोअॅक्समध्ये पाणी शिरलं की लॉस वाढतो. हवेच्या इन्सुलेशनच्या केबलमध्ये कोरडी हवा किंवा नायट्रोजन दाबाने भरतात. गेज उतरला की गळती आहे. टॉवरच्या दिव्यांची वायर तर सरळ वर नेताच येत नाही, कारण टॉवर 'हॉट' असतो. मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा चोक लागतो.

शेवटी पुन्हा मोजमाप. आपल्या उदाहरणात रेझिस्टन्स ५६ वरून ३८ झाला, तर १० किलोवॉटलाच बेस करंट १३.४ वरून १६.२ अँपिअर होतो. मॅचिंग नव्याने ट्यून करावं लागतं. म्हणजे काम चांगलं झालं तर मॅच आधी बिघडलेला दिसतो, आणि घाबरायचं नसतं!

आकाशवाणीने गेल्या काही वर्षांत बरेच मीडियम वेव्ह ट्रान्समीटर बंद केले, हे खरं. पण मीडियम वेव्हवर डीआरएम डिजिटल प्रसारण करायचं तरी टॉवर आणि जमीन तीच लागते. तेव्हा लॅबमध्ये मॅच परफेक्ट आला की लगेच टाळी देऊ नका. डमी लोडचा मॅचसुद्धा परफेक्टच असतो, आणि तो कुठेच ऐकू येत नाही.