देह हा तुरुंग नव्हे, आत्म्याचा सोबती!

बंगळूरच्या म्हैसूर रोडवर अष्टौप्रहर वाहनांची वर्दळ असते. याच रस्त्याला ज्यू समाजाची एक छोटीशी दफनभूमी आहे, हे कित्येक बंगळूरकरांनाही ठाऊक नसतं. ही जागा १९०४ पासूनची. तिथल्या सर्वात जुन्या कबरींपैकी एक आहे सुभेदार सॅम्युएल नागावकर यांची. आडनाव वाचताच मराठी माणूस थबकतो. नागाव म्हणजे तर आपल्या अलिबागजवळचं!

नागावकर, पेणकर, रोहेकर अशी गावांवरून पडलेली आडनावं लावणारे हे बेने इस्रायली. कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. भाषा मराठी, पेहराव मराठी. अंत्यसंस्काराची रीत मात्र वेगळी. दहन नाही, दफन. आणि तेही होईल तितक्या लवकर.

असं का? प्राण गेल्यावर उरलेल्या कुडीचं एवढं काय मोठं?

याचं एक उत्तर ज्यूंच्या गूढविद्येत, म्हणजे ‘कबाला’त मिळतं. तिचा मुख्य ग्रंथ ‘झोहर’. तेराव्या शतकाच्या अखेरीस तो स्पेनमध्ये प्रकाशात आला. कबाला सांगते की आत्मा एकसंध असला तरी त्याचे थर आहेत. ‘नेफेश’ म्हणजे देहाला जिवंत ठेवणारी, रक्तातून वाहणारी जीवनशक्ती. ‘रुआख’ म्हणजे भावना. ‘नेशामा’ म्हणजे समज, विवेक. त्यांच्याही वर ‘हाया’ आणि ‘येहिदा’ हे दोन सूक्ष्म थर.

यासाठी काच फुंकणाऱ्या कारागिराचा दाखला देतात. त्याच्या मुखातला श्वास म्हणजे नेशामा, नळीतून जाणारा वारा म्हणजे रुआख आणि भांड्यात जाऊन स्थिरावतो तो नेफेश. भांडं म्हणजे आपला देह. श्वासाशिवाय भांड्याला आकार नाही, हे खरंच. पण भांडंच नसेल तर श्वास विसावणार कुठे?

आंधळा आणि पांगळा

ज्यूंच्या ‘तालमूद’ ग्रंथात एक मार्मिक गोष्ट आहे. राजाने आपल्या बागेवर दोन राखणदार नेमले, एक आंधळा, दुसरा पांगळा. पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसला आणि दोघांनी मिळून फळं फस्त केली. जाब विचारताच एक म्हणाला, मला दिसत नाही. दुसरा म्हणाला, मला चालता येत नाही. राजाने काय केलं? पांगळ्याला पुन्हा आंधळ्याच्या खांद्यावर बसवलं आणि दोघांचा एकत्र न्याय केला. देह आणि आत्मा यांचंही तसंच. पाप एकाचं आणि पुण्य दुसऱ्याचं, अशी वाटणी नाही.

ज्यू परंपरेत ६१३ धर्माज्ञा आहेत. त्याच परंपरेनुसार माणसाचे अवयव २४८ आणि शिरा ३६५. बेरीज करून पाहा, बरोबर ६१३! भुकेल्याला जेवू घालायचं तर हात हवेत, धीर द्यायचा तर जीभ हवी. सोळाव्या शतकात सफेद या गावी होऊन गेलेले कबालातज्ज्ञ इसहाक लुरिया यांच्या शिकवणीत तर पुनर्जन्मही आहे. त्याला ‘गिलगुल’ म्हणतात. आपल्याकडे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका हवी असते. तिथे राहिलेलं कर्तव्य पुरं करण्यासाठी आत्मा पुन्हा देह धारण करतो, कारण देहाविना ते होणारच नाही.

शेवटची सेवा

म्हणूनच मृतदेहाला एकटं सोडत नाहीत. पुरुषाला पुरुष आणि स्त्रीला स्त्रिया स्नान घालतात. नंतर साधं पांढरं कफन. त्याला खिसा नसतो. बरोबर न्यायचंच काय? सेवेत काही उणं राहिलं असेल तर मृताची क्षमाही मागतात. झोहर म्हणतो, सात दिवस आत्मा घर आणि कबर यांच्यात येरझारा घालतो. इतक्या वर्षांचा सोबती, लगेच कसा तुटणार? घरचेही ते सात दिवस शोक पाळतात.

अडचण येते ती माणसांची. बंगळूरमध्ये ज्यू कुटुंबं मोजकीच. १९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्रायली इस्रायलला गेले. २०११ च्या जनगणनेत भारतभरात ज्यू भरले जेमतेम साडेचार हजार. आणि मृतासाठी म्हणायच्या ‘कद्दिश’ प्रार्थनेला जुन्या रिवाजाप्रमाणे दहा प्रौढ पुरुष हवेत. नऊ असले तर कद्दिश होत नाही.

गंमत म्हणजे या प्रार्थनेत मृत्यूचा उल्लेखसुद्धा नाही, आहे ती केवळ ईश्वराची स्तुती. आईवडिलांसाठी मुलगा ती अकरा महिने म्हणतो. पण लांबच्या आप्तांनी मनोमन हात जोडून दहाचा आकडा भरत नाही. दहा जणांना स्वतःच्या पायांनी चालत यावं लागतं, शेजारी उभं राहावं लागतं. एका आत्म्याला निरोप द्यायलाही दहा जितेजागते देह लागतात!