स्किन क्लिनिकवर लक्ष कुणाचं? पैसे भरण्याआधी हे विचारा

नागपूरहून वर्धा रोडने सुमारे ३० किलोमीटरवर असलेले बुटीबोरी एमआयडीसीमुळे सगळ्यांना ठाऊक आहे. धागा, स्टील, टायर, रसायने अशा कारखान्यांत काम करणारी हजारो कुटुंबे या भागात राहतात. कुणाच्या हाताला तेल-रसायनांमुळे खाज सुटते, कुणाला नायटा काही केल्या सोडत नाही, कुणाच्या मुलीचा निकाह दोन महिन्यांवर आलेला असतो आणि चेहऱ्यावरचे डाग जायला हवे असतात. अशा वेळी पाय वळतात ते जवळच्या स्किन क्लिनिककडे. ‘लेझर’, ‘ग्लो’, ‘हेअर’ असे बोर्ड आता छोट्या शहरांतही नवीन राहिलेले नाहीत.

यात वाईट काहीच नाही. चांगला त्वचारोगतज्ज्ञ जवळ मिळणे ही सोयच आहे. प्रश्न एवढाच की, त्या काचेच्या दारामागे उपचार करणारी व्यक्ती कोण, तिथले मशीन कसले आणि डबीत भरून दिलेली क्रीम कशाची, हे तपासतो कोण? उत्तर बऱ्याच जणांना धक्का देणारे आहे. तपासणारे अनेक आहेत, पण दार उघडण्यापूर्वी येऊन सगळे एकत्र पाहणारा कुणी नाही.

कायद्यातली फट कुठे आहे?

आपल्या राज्यात खासगी दवाखान्यांसाठी मुख्य कायदा आहे तो १९४९ चा महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा. त्याचे नियम २०२१ मध्ये सुधारले गेले. रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असे लावणे त्यात बंधनकारक झाले. पण हा कायदा मुळात रुग्णाला दाखल करून घेणाऱ्या ठिकाणांसाठी आहे. खाट नसलेले, तपासून किंवा तासाभराचा उपचार करून घरी पाठवणारे क्लिनिक त्यात येत नाही. बहुतेक स्किन क्लिनिक याच प्रकारचे असतात.

केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा एका डॉक्टरच्या छोट्या क्लिनिकलाही नोंदणी लावतो. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान या राज्यांनी तो स्वीकारला. महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. म्हणून इथे क्लिनिकच्या भिंतीवर ‘गुमास्ता’ टांगलेला दिसला तर तो दुकानाचा कागद समजावा, उपचाराचा परवाना नव्हे.

मग काहीच बंधन नाही का? तसेही नाही. बंधने वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेली आहेत. डॉक्टरवर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे नियंत्रण आहे, क्रीम-औषधांवर अन्न व औषध प्रशासनाचे, वैद्यकीय उपकरणांवर २०१७ च्या नियमांचे. आणि एक बंधन तर असे आहे की ज्यातून खाट नसलेले क्लिनिकही सुटत नाही. सुया, रक्त लागलेला कापूस असा कचरा जिथे तयार होतो, त्या प्रत्येक ठिकाणाला २०१६ च्या जैव-वैद्यकीय कचरा नियमांनुसार प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी घ्यावी लागते. वापरलेली सुई साध्या कचऱ्याच्या डब्यात पडताना दिसली, तर तिथल्या बाकीच्या कारभाराचाही अंदाज येतो.

पाटीवरची डिग्री वाचायला शिका

त्वचारोगतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्वचारोग विषयात एमडी, डीएनबी किंवा डीव्हीडी-डीडीव्हीएलसारखा डिप्लोमा केलेला डॉक्टर. ‘कॉस्मेटोलॉजिस्ट’, ‘एस्थेटिशियन’, ‘स्किन एक्स्पर्ट’ हे शब्द काही आठवड्यांच्या कोर्सनंतरही लावले जातात. नुसते ‘एमडी’ वाचूनही थांबू नका, विषय कोणता ते विचारा. आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे डॉक्टर आपापल्या परिषदांकडे नोंदणीकृत असतात. ते बोगस नव्हेत, पण त्यांची नोंदणी वेगळी आणि शिक्षणही वेगळे. आपण कुणाकडून कोणता उपचार घेतोय हे रुग्णाला माहीत असलेच पाहिजे.

२००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक क्लिनिकमध्ये लावायचा असतो, तसेच प्रिस्क्रिप्शनवर आणि पावतीवरही लिहायचा असतो. तो क्रमांक किंवा नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर टाकून पाहता येते. मोबाइलवर दोन मिनिटांचे काम आहे. कुठल्याही परिषदेकडे नोंदणी नसताना उपचार करणे हा १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यकीय व्यवसायी कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे.

केस रोपणाबाबत तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट सूचना काढल्या. कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवर बघून हे काम सुरू करता येणार नाही, त्यासाठी रीतसर प्रशिक्षण हवे. ही गोष्ट किरकोळ नाही. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाचा केस रोपणानंतर मृत्यू झाला होता. भूल आणि औषधांची रिअ‍ॅक्शन कुणालाही येऊ शकते. आली तर इथे काय सोय आहे आणि कुठल्या हॉस्पिटलला नेणार, हे आधीच विचारायला हवे.

गोरेपणाच्या डबीत काय असते?

आपल्या विदर्भातलेच उदाहरण घ्या. अकोल्यातील एका कुटुंबातील आई आणि दोन मुली, अशा तिघींना एकापाठोपाठ किडनीचा आजार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी मूळ शोधले, तेव्हा तिघी वापरत असलेली गोरेपणाची क्रीम समोर आली. तपासणीत तिच्यात पारा सापडला. २०२३ च्या सुरुवातीला ही बातमी राज्यभर गाजली. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनाही असाच अनुभव आला. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात किडनीच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण त्यांच्याकडे आले. त्यातल्या १५ जणांमध्ये या आजाराचा एक वेगळा प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम वापरल्याचे सांगितले.

पारा त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळ दिसतो. पण तोच पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून किडनीत जातो. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार क्रीममध्ये पारा मुद्दाम घालताच येत नाही. नकळत आलेला पाराही दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. डोळ्यांच्या प्रसाधनांना तेवढी वेगळी मर्यादा आहे. पण ज्या डबीवर कंपनीचे नाव, बॅच नंबर, घटक आणि मुदत यातले काहीच नाही, तिला हा नियम लावणार कोण? म्हणून क्लिनिक असो की पार्लर, बिनलेबलची डबी घरात येऊच देऊ नये.

दुसरा धोका स्टेरॉइडचा. नायट्यावर स्टेरॉइड मिसळलेली क्रीम लावली की खाज दोन दिवसांत थांबते. माणूस म्हणतो, “वा, काय औषध दिलं!” प्रत्यक्षात बुरशी आत वाढतच राहते आणि पुढे साध्या औषधांना दाद देत नाही. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावली तर त्वचा पातळ होते, लाल पडते, मुरुम आणि केस वाढतात. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइडयुक्त मलमांच्या खुल्या विक्रीला आळा घातला. ती डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळायला हवीत. एमआयडीसीतल्या कामगारांनी हे अधिक ध्यानात ठेवावे. तेल आणि रसायनांमुळे होणारा त्वचारोग कायद्यात व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेला आहे. मलम लावून तो दाबत बसण्यापेक्षा ईएसआयमध्ये दाखवून कागदावर आणलेला बरा.

तिसरी गोष्ट ‘ग्लो ड्रिप’. ग्लुटाथायोनचे शिरेतून देण्याचे इंजेक्शन गोरेपणासाठी भारतात मंजूर नाही. लग्नाच्या पॅकेजमध्ये ते गोड शब्दांत विकले जाते, एवढेच.

आपल्या घरातला प्रश्न

इथे थोडे स्वतःकडेही पाहावे लागेल. “मुलगी सावळी आहे” हे वाक्य आपल्या घरांतही रिश्ता बघताना सर्रास बोलले जाते. हज्जतुल विदाच्या खुतब्यात पैगंबर साहेबांनी (सल्लल्लाहु अलैहि वसल्लम) गोऱ्या-काळ्याच्या श्रेष्ठत्वाला जागाच ठेवली नाही. श्रेष्ठत्व फक्त तकव्याचे, हे आपण जुम्याला ऐकतो आणि घरी येऊन मुलीसाठी क्रीम आणतो. पारा विकणाऱ्याचे दुकान आपल्या या बोलण्यावरच चालते.

उपचार करणाऱ्याची पात्रता तपासणे हेही आपल्या परंपरेला नवे नाही. वैद्यकी येत नसताना जो उपचार करतो तो नुकसानीला जबाबदार राहतो, या आशयाची हदीस अबू दाऊद आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत आहे. इसवी सन ९३१ मध्ये बगदादमध्ये वैद्याच्या चुकीने रुग्ण दगावला, तेव्हा खलिफा अल-मुक्तदिर यांनी सिनान इब्न साबित यांच्याकडून वैद्यांची परीक्षा घ्यायला लावली. शहरातल्या आठशेहून अधिक वैद्यांना ती द्यावी लागली, असे इतिहासकार नोंदवतात. म्हणजे डॉक्टरला नोंदणी क्रमांक विचारणे ही बेअदबी नाही. चांगला डॉक्टर त्याने दुखावतही नाही.

जाताना काय बघाल, बिघडल्यास काय कराल?

• नोंदणी क्रमांक आणि डिग्रीचा विषय बघा. लेझर किंवा इंजेक्शन प्रत्यक्ष कोण देणार, डॉक्टर की हेल्पर, हे विचारा.
• उपचाराचे नाव, धोके, किती वेळा यावे लागेल आणि एकूण खर्च लिहून घ्या. ‘आजच भरा, अर्ध्यात करतो’ म्हणणाऱ्याला “घरी विचारून सांगते” एवढेच म्हणा. या उपचारांत कुठलीच घाई नसते.
• बिल आणि प्रिस्क्रिप्शन घेतल्याशिवाय निघू नका. आपले वैद्यकीय कागद मागितल्यावर ७२ तासांत देणे डॉक्टरला बंधनकारक आहे.
• पुरुष डॉक्टर महिलेला तपासत असेल तेव्हा दुसरी स्त्री हजर असणे हा रुग्णाचा हक्क आहे. आधीचे-नंतरचे फोटो परवानगीशिवाय कुठेही टाकता येत नाहीत. सही करण्यापूर्वी ती ओळ वाचा.

उपचारानंतर त्रास झाला तर आधी योग्य डॉक्टर गाठा. बुटीबोरीहून नागपूरला जाताना मिहानमध्ये एम्स लागते, शहरात मेडिकल आणि मेयो आहेतच. तिथे त्वचारोग विभाग आहेत. उरलेली क्रीम, डबी, बिल, फोटो फेकू नका. मग तक्रार करा. डॉक्टरच्या वागणुकीबद्दल महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, क्रीम-औषधाबद्दल अन्न व औषध प्रशासनाकडे, बोगस डॉक्टरबद्दल तालुका आरोग्य अधिकारी आणि पोलिसांकडे. नुकसानभरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, असा निकाल दिला. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.

बहुतेक तक्रारी मात्र घराबाहेर पडतच नाहीत. मुलीचे नाव होईल, लोक काय म्हणतील, या भीतीने गोष्ट दाबली जाते आणि तीच डबी दुसऱ्या घरात पोहोचते. मोहल्ला कमिटी, महिला बचत गट, मशिदीतली मंडळी यांनी एवढे केले तरी पुरे. तक्रार लिहायला मदत करावी आणि नावाची वाच्यता होऊ देऊ नये. क्लिनिकचे दार उघडण्यापूर्वी तपासणारा कायदा राज्यात येईल तेव्हा येईल. तोपर्यंत पहिली तपासणी आपल्यालाच करावी लागणार आहे.