कोल्हापुरीचे नाव आणि कारागिराचा हक्क

जून २०२५ मध्ये मिलान येथील प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने थेट कोल्हापुरी घाटाची पादत्राणे मांडली आणि इकडे संतापाची लाट उसळली. पुढे कंपनीने या घाटाचे भारतीय मूळ मान्य केले. परंतु ‘आमची चप्पल चोरली’ ही तक्रार कायद्यापुढे कितपत टिकते, हा प्रश्न उरलाच. त्याचे उत्तर बौद्धिक संपदेच्या कायद्यातच शोधावे लागते.

या कायद्याने दिलेले हक्क वेगवेगळ्या जातींचे आहेत. नव्या शोधाला पेटंट मिळते, ते वीस वर्षांपुरते. वस्तूच्या नव्या रूपाला डिझाइन म्हणून संरक्षण मिळते, ते फार तर पंधरा वर्षे. व्यापारचिन्ह मात्र दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून कितीही काळ राखता येते. कोल्हापुरीचा घाट पिढ्यान्‌पिढ्यांचा. तेव्हा नावीन्याच्या कसोटीवर पेटंट व डिझाइन ही दोन्ही दारे तिला बंद. उरते ते भौगोलिक मानांकन. १९९९ च्या कायद्यानुसार ते तिला २०१९ मध्ये मिळाले, महाराष्ट्र व कर्नाटक यांतील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी. पण मानांकन राखते ते नाव, घाट नव्हे. आणि प्रदर्शनात कंपनीने ते नाव वापरलेच नव्हते!

शिवाय, या मानांकनाचे नोंदणीकृत मालक म्हणजे दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळे. म्हणूनच जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने यासंबंधीची जनहित याचिका फेटाळताना, याचिकाकर्ते मालक नाहीत याकडे लक्ष वेधले. डिसेंबरमध्ये कंपनीने सहकार्याचा करार केला, तोही या महामंडळांशीच.

मग कारागिराच्या हाती काय? कायद्याने त्याला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदणीची सोय दिली आहे. ती झाली की ते नाव आपल्या मालावर हक्काने वापरता येते आणि नकली मालाविरुद्ध दादही मागता येते. या हक्काची निकड मिलानपेक्षा आपल्या बाजारपेठेत अधिक आहे. रेक्झिनच्या, यंत्रावर काढलेल्या चपला येथे ‘कोल्हापुरी’ म्हणून राजरोस खपतात आणि हाताने कातडे शिवणाऱ्याला त्यांच्याच भावाशी झुंजावे लागते.

अर्ज, दाखले, प्रतिज्ञापत्रे यांची भाषा त्या कारागिराला परकी वाटते. गावातल्या शिक्षकाने वा कारकुनाने एक संध्याकाळ त्याच्या अर्जासाठी दिली, तर ती निषेधाच्या दहा सभांहून अधिक मोलाची ठरेल.