वाईच्या पंचक्रोशीत दोन दिवस

पुण्याहून महाबळेश्वरास निघालेली मंडळी वाईस थांबतात ती बहुधा घटकाभरच. ढोल्या गणपतीस नमस्कार करावयाचा, घाटावर मुलांची छायाचित्रे घ्यावयाची आणि लगेच पसरणीचा घाट चढू लागावयाचे, असा प्रघातच पडून गेला आहे. आमच्या घरचाही अनेक वर्षे हाच क्रम होता. गेल्या माघात मात्र वडील मंडळींना घाटाची वळणे सोसेनात, म्हणून वाईसच दोन दिवस मुक्काम केला; आणि इतकी वर्षे केवळ अंगण पाहून आपण घर पाहिले असे समजत होतो, हे ध्यानी आले.

वाई हे कृष्णेचे गाव. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड आळी या सातही ठिकाणी नदीला दगडी घाट आहेत, आणि हिवाळा सरता सरता प्रत्येक घाटावर कृष्णामाईचा उत्सव पाळीपाळीने होतो. १६५९ साली अफझलखानाचे संकट टळावे म्हणून केलेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, अशी परंपरा आहे.

गणपतीचे देऊळ रास्ते घराण्यातील गणपतराव भिकाजी यांनी १७६२ साली बांधले. भव्य मूर्तीपुढे सारेच हात जोडतात. परंतु देवळाच्या पाठीमागे सहसा कोणी जात नाही. तेथे अवश्य जावे. मागील भिंत माशाच्या आकाराची निमुळती केलेली आहे. पुराचा लोंढा तिच्यावर आपटून दुभंगावा आणि देवळास धक्का लागू नये, हा तिचा हेतु. नदी कधीतरी चढणारच, हे बांधणाऱ्याने मनाशी धरले होते. म्हणून त्याने नदीशी झुंज न घेता भिंतीलाच पाण्याजोगे वळण दिले.

त्याच घाटावर एक लहानसा प्रसंग घडला. आमच्या काकूंनी घरचे महिनाभराचे निर्माल्य आणि देव्हाऱ्यातील दोन जीर्ण तसबिरी पिशवीत बांधून आणल्या होत्या. कृष्णेत सोडावयाच्या, हा त्यांच्या सासूबाईंपासूनचा रिवाज. पायऱ्यांशी पाहावे तो पाणी उथळ, जवळजवळ थांबलेले. त्यावर कुजकी फुले आणि फुगलेल्या पिशव्या. धाकटी सून हळूच म्हणाली, “काकू, यात सोडायचं?” काकू काही बोलल्या नाहीत. पिशवी तशीच हातात राहिली.

दुपारी प्राज्ञपाठशाळा पाहिली. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढील केवलानंद सरस्वती, यांनी १९१६ साली ती स्थापिली. १९१७ साली विनोबा येथे अध्ययनास राहिले होते. येथेच घडलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी अस्पृश्यतानिवारणाच्या प्रश्नी महात्माजींस शास्त्राधार पुरविले आणि १९३३ साली देवदास गांधी व लक्ष्मी यांच्या आंतरजातीय विवाहाचे पौरोहित्य केले. मराठी विश्वकोशाचे कार्यही त्यांनी याच गावी उभारले. शास्त्र सोडावयाचे नाही, परंतु काळाचा ओघ ओळखून त्याचा अर्थ पुन्हा लावावयाचा, ही येथील खरी विद्या होय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेणवलीस गेलो. वाईपासून हे गाव सुमारे तीन किलोमीटर. नाना फडणीसांचा चौकांचौकांचा वाडा, त्यामागून नदीत उतरणारा घाट, आणि घाटावर मेणेश्वर व विष्णु यांची देवळे. येथेच एका लहान देवळीत एक अवजड घंटा टांगलेली आहे. १७३९ च्या वसईच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून जी घंटा आली ती हीच, असे सांगतात. ‘स्वदेस’ या २००४ सालच्या चित्रपटामुळे येथे येणारे पुष्कळ; परंतु सकाळी लवकर गेल्यास घाट आपलाच असतो.

तेथून पुढे धोम. धौम्य ऋषींच्या नावाशी जोडलेल्या या गावी नरसिंहाचे व धोमेश्वराचे देऊळ एकाच आवारात आहे. शिवालयापुढील कुंडात कासवाच्या पाठीवर नंदी बसविला आहे. कुंड भरले म्हणजे कासव नंदीस घेऊन तरंगते आहे असा भास होतो. जवळच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेले धोम धरण. त्याच्या निळ्या पाण्याचे कौतुक करताना, त्याखाली कित्येकांची शेते व घरे गेली, याचीही आठवण मुलांना द्यावी. खालच्या शिवारांतील ऊस त्याच पाण्यावर उभा आहे.

तरुण मंडळींनी लोहारे येथील पालपेश्वराची बौद्ध लेणी चुकवू नयेत. तेथील स्तूप आज शिवलिंग म्हणून पूजिला जातो. पाय धड असतील त्यांनी पांडवगडही चढावा. रंगपंचमीस येणे झाल्यास बावधनचे भैरवनाथाचे बगाड पाहावयास मिळते. एरवी दिवाळीपासून माघापर्यंतचा काळ उत्तम.

परतताना गाडीत काकूंच्या मांडीवर ती पिशवी होती. घरी आल्यावर त्यांनी परसातील पारिजातकाच्या बुंध्याशी खड्डा करविला, फुले त्यात घातली आणि वरून कृष्णेचे आणलेले तांब्याभर पाणी ओतले. तसबिरींच्या चौकटी व काचा काढून कागदही त्याच मातीत दिले. “सासूबाई असत्या तर रागावल्या असत्या का हो?” असे त्यांनी काकांना विचारले. काका म्हणाले, “तिला ते पाणी दाखवलं असतंस, तर तिनेच कुदळ मागितली असती.”

तेव्हापासून आमच्या घरी निर्माल्य नदीस जात नाही. वाईस जाणाऱ्यांनी देवळाची ती मागची भिंत तेवढी अवश्य पाहून यावे.