कोंबडीलाही पहाट कळते, मग आरवतो कोंबडाच का?

पहाट झाली हे कोंबडीलाही कळतं, पण आरवण्यासाठी ती कोंबड्याच्या तोंडाकडे पाहते. घानामधल्या अकान समाजाची ही म्हण. बाईला अक्कल आहे हे मान्य, चारचौघांत बोलायचं मात्र पुरुषानं, असा तिचा सरळ अर्थ. दुसरी म्हण आणखी रोखठोक आहे: बाईनं बंदूक विकत घेतली, तरी ती टेकवायची पुरुषाच्याच घरात.

गंमत अशी, की याच अकान समाजात वंश आईकडून चालतो. असांते राज्यात नव्या राजाचं नाव सुचवण्याचा मान राजमातेचा. आणि बंदुकीचं म्हणाल, तर १९०० मध्ये इंग्रज गव्हर्नरनं असांतेंचं पवित्र सुवर्णासन मागितलं, तेव्हा लढा उभारला तो एजिसूची राजमाता या असांतेवा हिनं. इंग्रजांनी तिला सेशेल्स बेटांवर हद्दपार केलं. १९२१ मध्ये तिथंच तिचा मृत्यू झाला.

म्हणजे म्हण ऐकताना ती कोण, कुणाला ऐकवतंय हे पाहावं लागतं. अकान दरबारात राजाचं म्हणणं लोकांपुढे मांडणारा ‘ओक्येआमे’ म्हणींचा पक्का जाणकार असतो आणि हे पद मुख्यतः पुरुषांकडेच राहिलं. डच अभ्यासक मिनेके शिपर यांनी जगभरातल्या बायकांविषयीच्या म्हणी गोळा केल्या. त्यांच्या पुस्तकाचं नाव आलं ते आग्नेय आफ्रिकेतल्या सेना लोकांच्या म्हणीवरून: आपल्यापेक्षा मोठ्या पावलांची बायको करू नये. मुद्दा अर्थातच चपलेच्या मापाचा नाही!

बायका उत्तर कसं देतात?

केनिया-टांझानियाच्या किनाऱ्यावर उत्तर कापडावर छापलेलं असतं. ‘कांगा’ हे तिथल्या बायकांचं रोजचं सुती वस्त्र. ते जोडीनं विकलं जातं, चारी बाजूंनी रुंद किनार असते आणि खालच्या बाजूला स्वाहिलीत एक ओळ. कधी म्हण, कधी कोडं, कधी सरळ टोमणा. काही कांगे भारतातही छापले जातात. घेताना रंगाइतकीच ती ओळ पारखली जाते. ‘काही मिळत नसलं तरी मी आशा सोडलेली नाही,’ असं एक कांगा सांगतो.

सवत, सासू, शेजारीण किंवा नवरा, ज्याला बोलायचं त्याच्यासमोरून तो कांगा नेसून जायचं. आपल्याकडच्या ‘लेकी बोले सुने लागे’चाच हा कापडी अवतार. कुणी जाब विचारलाच, तर ‘दुकानातून आलं तेच नेसलंय’ म्हणायला बाई मोकळी.