हौद्यातला मुक्काम

कांदिवली पूर्वेला आकुर्ली रोडवर महिंद्राच्या कारखान्याची भिंत बराच वेळ सोबत करते. बोरिवली-मालाडच्या लोकांना ती रोजचीच, त्यामुळे तिच्याकडे कुणी मान वळवून बघत नाही. सह्याद्रीत भटकणाऱ्या माणसाने मात्र बघावं. शेंडी, साम्रद, घाटघर अशा गावांच्या वाटा धड डांबरी नव्हत्या, तेव्हा तिथे जी गाडी जात असे, तिचं माहेर या भिंतीआड आहे. आजही अंधेरी, मुलुंड, घाटकोपरच्या एखाद्या जुन्या सोसायटीत ताडपत्रीखाली झाकलेली जीप किंवा पिकअप दिसते. तिच्या टपावर कॅरियर आणि मागे दोन स्टेपन्या असतील, तर तिचा मालक सुट्टीत कुठे जातो हे विचारावं लागत नाही.

या गाडीची कुळकथा मुंबईची आहे. १९४५ साली महिंद्र बंधूंनी गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये इकडच्या कंपनीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. पुढच्याच वर्षी माझगावात अमेरिकेच्या विलिस जीपची जुळणी सुरू झाली. भाग अमेरिकेतून खोक्यांत बंद होऊन येत आणि इथे गाडी उभी राहत असे. मग हळूहळू भागही इथेच बनू लागले, आणि काम कांदिवलीच्या मोठ्या जागेत गेलं. विलिसने १९५३ मध्ये आणलेलं सीजे-३बी हे मॉडेल अमेरिकेत १९६८ ला बंद पडलं, पण आपल्याकडे त्याच वळणाच्या जीपा त्यानंतरही वर्षानुवर्षं निघत राहिल्या. त्या मॉडेलमध्ये बसवलेलं नवं पेट्रोल इंजिन उंचीला जास्त होतं, म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. गॅरेजवाले अजून जीप पाहिली की आधी ‘हाय बॉनेट’ की ‘लो बॉनेट’ ते सांगतात आणि मग पुढचं बोलतात.

भटक्यांच्या दृष्टीने खरा बदल डिझेलने केला. ऐंशीच्या दशकात प्यूजो या फ्रेंच कंपनीचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन या जीपमध्ये आलं. पुढे कमांडर, बोलेरो आणि पिकअपमधून २५२३ सीसीचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन सगळीकडे पसरलं. यांची ताकद आजच्या हिशोबाने किरकोळ आहे. प्यूजोचं इंजिन जेमतेम बासष्ट अश्वशक्तीचं. पण ओढण्याचा जोर कमी फेऱ्यांवरच मिळतो. चढावर गाडी रडत नाही, धिम्या गतीने ओढत राहते. याच सांगाड्यावर मागे हौदा बसवला की झाली पिकअप, आणि पुढे दोन ओळींची केबिन ठेवून मागे आखूड हौदा दिला की झाली कॅम्पर. पाच माणसं पुढे, सामान मागे. मुंबईहून डोंगरात मुक्कामाला जाणाऱ्या टोळक्याला यापेक्षा वेगळं काही लागत नाही, असं माझं ठाम मत आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हौदा सामानासाठी आहे. चालत्या गाडीच्या हौद्यात माणसं बसवणं कायद्याने गुन्हा आहे, आणि अपघात झाला तर विमाही हात वर करतो. हौद्यात माणसाने बसायचं ते गाडी उभी राहिल्यावर, फाळका खाली पाडून, पाय खाली सोडून.

हौद्याची मांडणी ही एक विद्याच आहे. पिकअपला मागे जाड कमानपाटे असतात, ते माल पेलण्यासाठी घडवलेले. रिकामी गाडी म्हणूनच उडते. पावसात तर रिकाम्या पिकअपची शेपटी वळणावर सरकते, कारण मागच्या चाकांवर वजनच नसतं. तेव्हा जड सामान मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर ठेवायचं: पाण्याचे कॅन, तंबूच्या पिशव्या, शिधा, भांडी. हलकं सामान पुढे केबिनला टेकवून. दोर, ताडपत्री, फावडं आणि जॅक फाळक्यालगत, म्हणजे चिखलात रुतल्यावर अख्खा संसार उतरवावा लागत नाही. नीट भरलेली पिकअप घाटात रिकाम्या पिकअपपेक्षा कितीतरी शांत चालते.

मुलुंडहून भंडारदऱ्याची वाट ही या गाडीची शाळा. भिवंडी, पडघा, शहापूर सोडलं की कसारा घाट. मग इगतपुरी, जिथे महिंद्राचा इंजिनांचाही कारखाना आहे. मग घोटीला हायवे सोडून बारीवरून शेंडी. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून घाट टाळण्याची सोय झाली. घाईतल्या माणसाने खुशाल तिकडून जावं. जुन्या पिकअपने मात्र घाटानेच जावं. घाटाची चढण, वळणं, थांबे हे तिच्या चालीला मानवतात. शंभरच्या वेगात तिचा जीव रमत नाही आणि आतल्या माणसांचाही नाही.

घाटाचा नियम जुने ड्रायव्हर एका वाक्यात सांगतात: ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर. उतारावर ब्रेक दाबून बसलं की ड्रम तापतात आणि मग ब्रेक लागेनासे होतात. गाडीला इंजिननेच रोखून धरायचं. फोर-बाय-फोर असलेल्या जुन्या जीपला गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोट्या दांड्या असत. एक पुढची चाकं जोडायला, दुसरी लो गिअर टाकायला. लो टाकलं की चाकांवरचा जोर सुमारे अडीच पट होतो, वेग तितकाच घटतो, आणि गाडी माणसाच्या चालीने दगडांवरून चढते. कोरड्या डांबरावर मात्र ही चैन करायची नाही. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. मातीत ती जराशी घसरून तडजोड करतात, डांबरावर घसरता येत नाही, आणि सगळा ताण गिअरच्या दात्यांवर येतो.

पावसाळा हा उपनगरी भटक्यांचा सर्वांत लाडका हंगाम, आणि या गाडीचा सर्वांत कठीण. जुलैत घाटघरला जे कोसळतं त्यात तंबू ठोकणं हा निव्वळ हट्ट आहे. तेव्हा कुणाच्या तरी पडवीत पथारी टाकायची. ओळखीच्या घरातल्या मावशी चुलीवरची भाकरी आणि पिठलं पुढे करतात, “दादा, गाडी जरा वर लावा, रात्री ओढ्याला पाणी येतं,” असंही सांगतात, आणि ते निमूट ऐकायचं. त्या ओढ्याबद्दल त्यांच्याइतकं ज्ञान कुणालाच नसतं.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतात, त्यामुळे शिंतोड्यांनी ते बंद पडत नाही. यावरून काहींना वाटतं की ही गाडी पाण्यातूनही जाईल. पण हवेच्या नळीतून पाणी आत ओढलं गेलं की पिस्टन त्याला दाबू शकत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तिथे इंजिन संपलं. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर अलीकडेच थांबायचं, चहा करायचा, पाणी उतरेपर्यंत गप्पा मारायच्या. एवढ्यासाठीच तर आपण आलेले असतो. पाण्यातून गेल्यावर ब्रेकवर हलका पाय ठेवून थोडं अंतर चालवलं की ड्रम सुकतात. घरी परतल्यावर डिफरन्शियलचं ऑइल बघायचं. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, बदलायलाच हवं.

गणपती झाले की पठारं सोनकीने पिवळी होतात आणि मुक्कामाचे खरे दिवस सुरू होतात. डिसेंबरात भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी थंडी चांगलीच बोचते. १९२६ साली पूर्ण झालेलं हे विल्सन धरण आणि त्यामागचा आर्थर लेक, पलीकडे १६४६ मीटरचं कळसूबाई, दुसऱ्या टोकाला रतनगड आणि त्याच्या पायथ्याशी अमृतेश्वराचं मंदिर. हौद्यावर दोन बांबू आडवे टाकून ताडपत्री ताणली आणि खाली सतरंजी घातली, की जमिनीचा ओलावा नाही, विंचवा-किरड्याची धास्ती कमी. पहाटे प्यूजोवाल्या गाडीची एक रीत पाळावी लागते. चावी अर्धी फिरवून हीटरला आत उष्णता धरू द्यायची आणि मगच सेल्फ मारायचा. घाई केली तर बॅटरी जाते. डीआय इंजिनाला हे लाड लागत नाहीत.

मार्च-एप्रिल कोरडा. गवत वाळलेलं असतं आणि शेकोटीची एक ठिणगी डोंगर पेटवते. त्या दिवसांत चूल पेटवूच नये, गॅसची शेगडी पुरे. हा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे वनखात्याचे नियम पाळणं ओघाने आलंच. दुपारच्या चढावर रेडिएटर उकळला तर सावलीत थांबायचं आणि टोपणाला हात लावायचा नाही. तापलेलं टोपण उघडून चेहरा भाजून घेतलेली माणसं प्रत्येक गॅरेजात भेटतात.

मग मेअखेर येते, आणि पहिल्या सरींच्या आधी भंडारदऱ्याच्या झाडांवर काजवे. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे जवळजवळ एका तालात उघडझाप करतात. तो प्रकाश म्हणजे नर काजव्याने मादीला घातलेली साद आहे. त्याच रात्री मुंबई-पुणे-नाशिकच्या गाड्यांच्या रांगा त्या अरुंद रस्त्यावर लागतात, हेडलाइट झाडांवर पडतात आणि साद हरवते. एका पिढीचं मीलन चुकलं तर पुढच्या वर्षीचे काजवे कमी. मला हे बघवत नाही. गाडी गावातच लावावी, दिवे बंद करून, आणि पुढे पायी जावं, तेही गावातल्या माणसाला सोबत घेऊन. जुन्या पिकअपवर मोठाले फॉग लॅम्प लावायची हौस अनेकांना असते. निदान या पंधरवड्यात ते झाकून ठेवावेत.

एवढे हंगाम ही गाडी काढते ती तिच्यात बिघाड होत नाहीत म्हणून नाही. बिघाड होतात, भरपूर होतात. ते वाटेतच निस्तरता येतात, हे तिचं मोठेपण. डिझेलने हवा धरणं हा त्यातला नेहमीचा. टाकी तळाला गेली किंवा पाइप ढिला झाला की लाइनीत हवा शिरते, इंजिन खोकतं आणि बंद पडतं. नव्या गाडीत अशा वेळी फोन करावा लागतो. या गाडीचं बॉनेट उघडायचं. डिझेल फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा स्क्रू पान्याने ढिला करायचा आणि हातपंपाचं बोंड दाबत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग मधेच एखादा फुर्र आवाज, आणि शेवटी बोटावरून डिझेलची अखंड धार उतरते. धार येत असतानाच स्क्रू आवळायचा. थांबून आवळला तर हवा परत आत. मग सेल्फ. दोन-चार गचके देऊन इंजिन पकडतं. हे काम एकदा हाताखालून गेलं की दहावीतलं पोरही करू शकतं, आणि त्या पोराचं गाडीशी नातं बदलतं.

कमानपाटा तुटला तर घोटी किंवा राजूरला लोहाराकडे काम होतं. सुटे भाग मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळतात. तिथे जुना ट्रान्स्फर केस, दारं, गिअरचे दाते, काय हवं ते शोधता येतं, फक्त वेळ काढून जावं आणि ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा.

मुंबईत डोंगरभटकंतीची परंपरा मात्र गाडीवर अवलंबून नव्हती. ‘गिरिविहार’सारखी गिर्यारोहण संस्था १९५४ पासून आहे, मुलुंडच्या ‘चक्रम हायकर्स’ने ‘सह्यांकन’सारख्या अनेक दिवसांच्या मोहिमा आखल्या. ही माणसं शेवटची लोकल आणि पहाटेची एसटी पकडून गेली. त्यांनी वाटा पायांनी शिकल्या, आणि म्हणून पिकअपवाल्याने आपली गाडी पायथ्याशी थांबवण्यात कमीपणा मानू नये. गाडी शिधा आणि आजारी माणूस वाहते, आजीला जलाशयाकाठपर्यंत आणते, लहान मुलाला तंबूतली पहिली रात्र दाखवते. गड पायीच चढायचा.

या गाड्यांचा मोठा प्रश्न आता कागदांचा आहे. खासगी गाडीला पंधरा वर्षांनी फेरनोंदणी लागते आणि पुढे दर पाच वर्षांनी. त्यावर पर्यावरण कर. पिवळ्या पाटीवरच्या जुन्या मालवाहू पिकअपला दरवर्षी फिटनेस. जुनं डिझेल धूर सोडतं हे खरं आहे, आणि ज्या शहरात हिवाळ्यात हवा धुरकट होते तिथे ही तपासणी कडक असावी, याबद्दल माझ्या मनात संशय नाही. नोझल साफ, पंपाचं टायमिंग बरोबर आणि एअर फिल्टर वेळेवर बदललेला असेल तर धूर बराच आटोक्यात राहतो. तेवढी काळजी घ्यायची तयारी नसेल त्याने जुनी पिकअप घेऊच नये.

घ्यायची असेल तर चॅसी आधी बघा. रंग, टायर, सीट नंतर करता येतं, सडलेली चॅसी नाही. किनाऱ्यालगत वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत ती आतून गेलेली असते. छोट्या हातोडीने ठोकत जा. जिथे आवाज बद्द येतो तिथे गंज आहे. चॅसीवरचा नंबर आणि आरसी बुकातला नंबर जुळवून बघा. थंड इंजिन आपल्या डोळ्यांदेखत सुरू करायला लावा. फोर-बाय-फोर असेल तर मातीच्या मैदानात लो टाकून चालवून घ्या. व्यवहार शक्यतो उन्हाळ्यात उरका, म्हणजे ब्रेक, वायपर, वायरिंग आणि गळतं टप यांचं काम पाऊस सुरू होण्याआधी पुरं होतं.