इमारतीची खरी किंमत

नवी शाळा किंवा पंचायतघर बांधावयाचे ठरले की पहिला विचार होतो तो खर्चाचा. अंदाजपत्रक तयार होते, निविदा मागविल्या जातात आणि सामान्यतः सर्वांत कमी रकमेच्या निविदेस पसंती मिळते. सार्वजनिक पैशाची काळजी घेणे योग्यच आहे. परंतु इमारत उभी राहिल्याने खर्च संपत नाही. पुढील चाळीस-पन्नास वर्षे दिवे व पंखे चालवावे लागतात, पाणी भरावे लागते, छपराची डागडुजी करावी लागते. बांधकामाचा पैसा एका खात्यातून येतो, तर हा भार पुष्कळदा शाळेला किंवा पंचायतीला आपल्या तुटपुंज्या उत्पन्नातून सोसावा लागतो.

बांधकाम, वीज-पाणी, देखभाल आणि जीर्ण भाग बदलणे या सर्व खर्चांची बेरीज करून, अखेरीस उरणाऱ्या साहित्याची किंमत वजा केली म्हणजे जी रक्कम येते, तिला इमारतीचा आयुष्यभराचा खर्च म्हणतात.

एक साधे उदाहरण घेऊ. एका शाळेत २४ पंखे आहेत. जुन्या पद्धतीचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, नव्या पद्धतीचा सुमारे ३० वॅट. पंखे वर्षातून १,२०० तास चालले, तर २४ पंख्यांमागे १,२९६ युनिट वीज वाचते. युनिटचा दर ७ रुपये धरल्यास वर्षाची बचत ९,०७२ रुपये होते. नवा पंखा १,५०० रुपयांनी महाग आहे असे मानले, तरी ३६,००० रुपयांचा जादा खर्च सुमारे चार वर्षांत भरून निघतो. मोठ्या कामात व्याजाचाही हिशेब धरावा लागतो, कारण पुढे वाचणारा रुपया आजच्या रुपयाइतका मोलाचा नसतो.

असा दूरदृष्टीचा विचार करून बांधलेल्या इमारतींची पारख करण्यासाठी हरित मानांकनाच्या पद्धती निर्माण झाल्या. जागेची निवड, ऊर्जा, पाणी, बांधकाम साहित्य आणि आतील हवा व उजेड यांसाठी गुण दिले जातात. हैदराबाद येथे मुख्यालय असलेली भारतीय हरित इमारत परिषद २००१ मध्ये स्थापन झाली. त्याच शहरातील सोहराबजी गोदरेज हरित व्यवसाय केंद्राच्या इमारतीस २००३ मध्ये 'लीड' पद्धतीचे सर्वोच्च प्लॅटिनम मानांकन लाभले. अमेरिकेबाहेर हा मान मिळविणारी ती पहिली इमारत होय. मध्यभागी अंगण, हवा थंड करणारे मनोरे, जाळीच्या भिंती व छपरावरील हिरवळ ही तिची वैशिष्ट्ये आहेत. 'गृह' ही भारतीय पद्धती केंद्र सरकारने २००७ मध्ये स्वीकारली. तीत एक ते पाच तारे दिले जातात. २,५०० चौरस मीटरहून लहान इमारतींसाठी 'स्वगृह' ही सुटसुटीत पद्धती आहे.

मानांकनासाठी शुल्क व कागदपत्रे लागतात, हे खरे. शिवाय प्रमाणपत्र भिंतीवर लावून दिवे रात्रंदिवस जळत ठेवल्यास काहीच साधत नाही. परंतु प्रमाणपत्र न घेताही त्यामागील तत्त्वे आचरणात आणता येतात. गोव्यातील जुन्या घरांची चिऱ्यांची जाड भिंत, मंगळुरी कौले आणि हवा खेळविणारे राजांगण यांत त्यांपैकी कित्येक तत्त्वे अगोदरपासूनच आहेत. वर्षाला ३,००० मिलिमीटर पाऊस पडत असेल, तर १०० चौरस मीटर छपरावर ३ लाख लिटर पाणी पडते. ते साठविण्याची किंवा विहिरीजवळ जिरविण्याची सोय बांधतानाच केल्यास स्वस्त पडते. मागाहून फोडतोड करून केल्यास महाग.

यास्तव ग्रामसभेपुढे अंदाजपत्रक येईल तेव्हा ग्रामस्थांनी, शिक्षकांनी व अधिकाऱ्यांनी चार प्रश्न अवश्य विचारावेत: दिवसा दिव्यावाचून वर्ग चालतील काय? छपराचे पाणी कोठे जाणार? वर्षाचे वीजबिल किती येईल? आणि दुरुस्तीचा पैसा कोण देणार? या प्रश्नांची उत्तरे पाया खणण्यापूर्वीच मिळाली पाहिजेत. इमारत उभी राहिल्यावर ती बदलणे दुरापास्त असते.